वाळूमाशीसाठी देशी लाइट ट्रॅप: घ्यावा का, आणि घेतल्यावर काय बदलावं

सहा व्होल्टचा, मोटर, पंखा, बल्ब आणि पिशवी एवढाच कारभार असलेला देशी बनावटीचा लाइट ट्रॅप, म्हणजे उजेडाने कीटक पकडायचं यंत्र, आम्ही गेले काही पावसाळे पूर्व विदर्भातल्या गावांत लावतोय. २०२४ मध्ये गुजरातेत चांदीपुरा विषाणूची, म्हणजे वाळूमाशीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराची, साथ आली आणि माझा फोन वाजायला लागला. जिल्हा हिवताप कार्यालयातले कीटक समाहारक (कीटक गोळा करणारे कर्मचारी), प्राणिशास्त्रात एमएस्सी करणारी मुलं, नव्याने नेमलेले प्रकल्प सहायक, सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘मॅडम, ट्रॅप कुठला घेऊ?’ प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. बनवणाऱ्याचं नाव देत नाही. या पद्धतीचे ट्रॅप बऱ्याच ठिकाणी बनतात आणि माझ्या हाताखालून गेलेल्यांचे दोष थोड्याफार फरकाने सारखेच आहेत.

आधी निकाल सांगते. डास पकडायचे असतील तर खुशाल घ्या. वाळूमाशी पकडायची असेल तरीही घ्या, पण सोबत येणारी पिशवी आणि बॅटरी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. साडेसहा हजारांच्या वस्तूतल्या दोन मुख्य गोष्टी आल्याआल्या बाजूला ठेवायच्या हे ऐकून आमच्या लेखा विभागाचा चेहरा पडला होता, पण इलाज नाही.

मूळ रचना जुनी. १९६२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोग नियंत्रण संस्थेतल्या सुडिया आणि चेंबरलेन यांनी बॅटरीवर चालणारा, हातात धरून नेता येईल असा ट्रॅप प्रसिद्ध केला आणि आजही जगभर तोच वापरतात. वर पावसापासून बचावासाठी पत्र्याचं झाकण, त्याखाली छोटा बल्ब, त्याखाली पारदर्शक नळकांडं, त्यात खाली हवा ओढणारा पंखा आणि तळाला जाळीची पिशवी. उजेडाकडे आलेला कीटक पंख्याच्या ओढीत सापडतो आणि पिशवीत जाऊन पडतो. यात बिघडण्यासारखं काही नाही असं वाटतं. बिघडतं.

पहिली तक्रार पिशवीची. वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरची, अंगभर केस, बसल्यावर पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे. नीट उडता येत नाही, टुणटुण उड्या मारत सरकते. अंगाने इतकी बारीक की साध्या मच्छरदाणीतून आरपार जाते. आणि ट्रॅपसोबत येणारी पिशवी नेमकी मच्छरदाणीच्याच कापडाची! पंखा रात्रभर वाळूमाश्या आत ओढणार आणि पिशवी त्यांना दुसऱ्या बाजूने सोडून देणार. पहाटे पिशवीत क्युलेक्स डास भरपूर आणि वाळूमाशी नावाला, असं झालं तर गावात वाळूमाशी नाही असा अहवाल जातो. असे अहवाल जातात, मी पाहिलेत.

उपाय सोपा आहे. साडीच्या दुकानात पांढरी ऑर्गंडी (बारीक विणीचं कापड) मिळते, ती घ्यायची. गावातल्या शिंप्याकडून मूळ पिशवीच्या मापाची शिवून घ्यायची, तोंडाला नाडी, मध्यावर हात घालायला बाही. शिवण बाहेरून घ्यायला सांगा. आतून घेतली तर माश्या शिवणीच्या दुमडीत घुसतात आणि सकाळी शोषनळीने (तोंडाने ओढायच्या काचेच्या नळीने) काढताना त्यांचे पाय-पंख तुटतात. आमच्या शिंपीदादांनी पहिली पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ‘मॅडम, याच्यात चहा गाळता का?’ आता ते न सांगता दुहेरी शिलाई मारतात. ऑर्गंडीने हवेची ओढ थोडी कमी होते. होऊ द्या.

दुसरी तक्रार बॅटरीची. ट्रॅप संध्याकाळी सहाला लावायचा, सकाळी सहाला काढायचा. मोटर आणि बल्ब मिळून माझ्या मल्टिमीटरवर साधारण तीनशे मिलिअँपियर दाखवतात, म्हणजे बारा तासांना साडेतीन-पावणेचार अँपियर-अवर. कंपनी सोबत साडेचार अँपियर-अवरची बॅटरी देते. कागदावर हिशेब बसतो. पण दोन पावसाळे वापरलेली बॅटरी, गावात दुपारभर वीज गेलेली, अर्धवट झालेलं चार्जिंग, यात पहाटे चारच्या सुमाराला पंखा मंदावतो. पंखा थांबला की पिशवीत अडकलेले कीटक आल्या वाटेने वर चढून निघून जातात, कारण या ट्रॅपला आपोआप मिटणारी झडप नाही. बाहेरच्या महागड्या ट्रॅपना ती असते. सहा व्होल्टची दहा-बारा अँपियर-अवरची बॅटरी घ्या. वजन वाढतं, आठ-दहा बॅटऱ्या जीपमधून उतरवताना कंबर बोलते, पण पहाटेची खात्री राहते. क्लिपाही बदला. सोबत येणाऱ्या क्लिपांची स्प्रिंग एका पावसाळ्यात गंजते.

बल्बचं विचाराल तर मी जुना पिवळा, तारेचाच ठेवलाय. एलईडीवाला नमुना आला आहे, त्यात वीज वाचते. पण आमच्या मागच्या सगळ्या नोंदी पिवळ्या बल्बवरच्या. ‘दर ट्रॅप, दर रात्र किती माश्या’ हा आमचा आकडा, तो एका हंगामातून दुसऱ्यात तुलना करण्यासाठीच काढतात. मध्येच दिवा बदलला की घट माश्यांची की दिव्याची, हे कोण सांगणार? तुमचं काम आत्ता सुरू होत असेल तर जो आवडेल तो घ्या आणि मग त्यालाच चिकटून राहा.

आता कुठे टांगायचा. सोबतच्या माहितीपत्रकात जमिनीपासून पाच फूट लिहिलंय. ते डासांसाठी. वाळूमाशी खाली-खाली, भिंतीच्या कडेने सरकते. घराच्या किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर आणि भिंतीपासून दोन बोटं, असा टांगायचा. तिच्या अळ्या पाण्यात नसतात हेही नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. डासाची सवय असलेला माणूस गावात गेला की आधी हौद आणि टायर बघतो. वाळूमाशीची पैदास भिंतीच्या भेगांत, ओलसर मातीत, शेणाच्या ढिगाखाली, कुडाच्या घराच्या पायथ्याशी. ट्रॅप तिथे, जवळच हवा. तिला फार लांबून उजेड खेचून आणत नाही. अंगणात उंच टांगलेला ट्रॅप फोटोत छान दिसतो, एवढंच.

भंडारा-गोंदियाच्या धानाच्या पट्ट्यात अंगणात टांगण्याचा आणखी एक तोटा. ऑगस्ट-सप्टेंबरात तुडतुडे इतके येतात की मध्यरात्रीपर्यंत पिशवी हिरवी होते आणि त्या भारात वाळूमाश्यांचा चुरा. घरातही पतंग आणि भुंगेरे येतातच. त्यासाठी नळकांड्याच्या तोंडाला सुमारे पाव इंच भोकांची तारेची जाळी बसवून घ्या. काही ट्रॅपना ती मुळात असते, आमच्याला नव्हती. मुंग्यांसाठी टांगायच्या दोरीला आणि बॅटरीच्या वायरीला चांगलं बोटभर ग्रीस. वायरीचं लोक विसरतात, आणि मुंग्या नेमक्या वायरीवरून चढतात.

पालींवर मात्र उपाय सापडलेला नाही. बल्बच्या शेजारी भिंतीवर एक तरी पाल रात्रभर ठाण मांडून असते. गंमत अशी की आम्हाला घरांत जास्त सापडणाऱ्या सर्जेंटोमिया या वाळूमाश्यांच्या वंशातल्या बऱ्याच जाती पाली-सरड्यांचं रक्त पिणाऱ्या. म्हणजे पाल माशी खाते आणि माशी पालीला चावते. याच सर्जेंटोमियात चांदीपुरा विषाणूचा माग तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) करीमनगर जिल्ह्यात लागला होता, म्हणून ‘ही माणसाला फारशी चावत नाही’ म्हणून टाकून द्यायची सोय नाही.

इथे विषाणूबद्दल थोडं, कारण ट्रॅप कशासाठी घेताय त्यावर बरंच अवलंबून आहे. १९६५ मध्ये नागपूरला तापाची साथ होती, डेंगी आणि चिकुनगुनियाची. त्या वेळी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला (आताची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) दोन रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू सापडला आणि चांदीपुरा या वस्तीचं नाव त्याला मिळालं. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात पकडलेल्या वाळूमाश्यांतून तो मिळाल्याचं १९७० मध्ये छापून आलं. नंतर बराच काळ त्याच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. मग २००३ च्या पावसाळ्यात आंध्रात मेंदूज्वराची ३२९ मुलं दाखल झाली, १८३ गेली. २००७ ला नागपूर विभागात साथ आली. २०२४ ला ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुरा विषाणू पक्का झाला. संध्याकाळी ताप, रात्री उलट्या आणि झटके, सकाळी बेशुद्ध, असा हा आजार. बरीच मुलं दाखल झाल्यापासून दोन दिवसांच्या आत जातात. लस नाही, यावरचं असं औषध नाही.

ट्रॅपच्या दृष्टीने कामाची गोष्ट अशी की पुण्याच्या प्रयोगशाळेत फ्लेबोटोमस पापाटासी या वाळूमाशीच्या जातीवर दाखवलं गेलंय, हा विषाणू मादीकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत जातो, आणि नराकडून मादीलाही जातो. रक्त फक्त मादी पिते, म्हणून वाळूमाशीमुळेच पसरणाऱ्या कालाआजाराच्या कामातून आलेली माणसं नर मोजून फेकून देतात. चांदीपुरासाठी नरही वेगळे ठेवून तपासायचे. आणि हा ट्रॅप नर चांगले आणतो. मला तो आवडण्याचं हे मोठं कारण.

पण तपासायचे तर जिवंत हवेत, निदान ताजे. सकाळी सहाला पिशवीचं तोंड बांधायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायची, थर्माकोलच्या पेटीत ठेवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ज्या खोलीत जागा मिळाली असेल तिथे गाठायचं. बर्फाच्या पेटीवर काचेची बशी, तिच्यावर गारठलेल्या माश्या, सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुया. मादीची जात कळायची तर डोकं आणि पोटाचं टोक कापून काचपट्टीवर घ्यावं लागतं, घशातल्या दातांची रांग आणि पोटातल्या शुक्राशयाचा आकार बघावा लागतो. उरलेलं धड नळीत, एका जातीची, एका लिंगाची, एका गावची जास्तीत जास्त पन्नास एकत्र, आणि नळी द्रव नायट्रोजनमध्ये. धड आणि काचपट्टी यांचा क्रमांक चुकला तर रात्र वाया. बाहेर बाह्यरुग्ण विभाग सुरू झालेला असतो, कोणीतरी दार उघडून ‘इंजेक्शन इथंच का?’ विचारतं, पंखा लावायची सोय नाही कारण वाऱ्याने नमुने उडतात, आणि नाकावरून घाम नेमका बशीत पडायला बघतो.

या सगळ्यात ट्रॅपचा गुण असा की त्यातल्या माश्या बऱ्यापैकी शाबूत मिळतात. चार पात्यांचा पंखा आहे, पाती मऊ प्लॅस्टिकची. मोठ्या पतंगांचे तुकडे होतात, वाळूमाशी लहान असल्याने बहुधा निसटून जाते. पैकीच्या पैकी नाही, पण चांगले गुण.

घरमालकांना मात्र ट्रॅपचा त्रास होतो आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही. मोटर रात्रभर घूंऽऽ करते. एका खोलीचं घर, पाच माणसं झोपलेली, कोपऱ्यात दिवा आणि आवाज. आशाताई सोबत असली तर लोक हो म्हणतात, पण दुसऱ्या रात्री तोच कोपरा मागायला जीभ रेटत नाही. ‘हा दिवा रातभर जळते का वो मॅडम? बिल आमच्यावर येईन का?’ हे पहिलं विचारतात. बॅटरी दाखवली की निवांत. पोळ्याच्या रात्री एका गोठ्यात आजींनी बैलांपुढे धूप घातला, गोठा धुराने भरला. त्यांना काय म्हणणार? त्या रात्रीची नोंद आम्ही ‘धूर’ असा शेरा मारून वगळली. नोंदवहीत शेऱ्याचा रकाना मोठा ठेवा. गणपती, गौरी, पोळा, सगळं आमच्या हंगामातच येतं. माझ्या घरी गौरीजेवणाच्या फोटोत मी सहसा नसते.

साथीच्या वेळी ट्रॅप लावायचा तो आधी आजारी मुलाच्या घरात. कधी कधी मूल गेल्याला दोनच दिवस झालेले असतात. अशा एका घरात कोपऱ्यात मी दोरी बांधत होते तेव्हा मुलाची आई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘याच्यात सापडलं तं समजन का मॅडम, आमच्या पोराले कायनं झालं ते?’ नाही समजणार. ते रक्ताच्या आणि मणक्यातल्या पाण्याच्या नमुन्यावरून समजतं, आणि तेही दरवेळी नाही. ट्रॅपमधल्या शेकडो माश्यांच्या नळ्या तपासूनही बहुतेक वेळा काहीच निघत नाही. तिला मी तेवढंच सांगितलं. तिने कोपऱ्यातलं दप्तर उचलून दुसरीकडे ठेवलं आणि जागा करून दिली. त्या घरात आवाज कमी करणारी मोटर असती तर बरं झालं असतं, एवढं बनवणाऱ्याला माझ्यातर्फे कळवायला हरकत नाही. मोटरीखाली रबराची चकती घातली तरी बराच फरक पडतो. आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापून घालतो.

ट्रॅप घेतला म्हणून शोषनळी अडगळीत टाकू नका. तोंडाने ओढायची ती काचेची नळी, टॉर्च आणि पहाटे सारवलेल्या भिंतीवरून सरकणारी नजर, हे काम ट्रॅप करत नाही. पोट रक्ताने भरलेली मादी भिंतीवर बसून असते, दिव्याकडे येत नाही. तिने कोणाचं रक्त प्यायलं हे तपासायचं असेल तर तीच हवी. ट्रॅपमध्ये येतात त्यांतल्या बऱ्याच उपाशी असतात. दोन्ही पद्धतींचे आकडे वेगळ्या रकान्यात लिहा, शोषनळीचे ‘दर माणूस-तास’, ट्रॅपचे ‘दर रात्र’. त्यांची बेरीज करून पाठवलेले तक्तेही माझ्याकडे आलेत. आणि शोषनळीच्या तोंडाकडच्या टोकाला बारीक जाळी व गाळणी लावलेलीच घ्या. भिंतीवरची धूळ आणि केस छातीत घेत या कामाची वर्षं काढलेल्या जुन्या लोकांचा खोकला ऐकलाय मी.

विक्रीनंतरच्या सेवेला गुण देता येत नाहीत. मोटर जळाली म्हणून फोन केला तर ‘पूर्ण युनिट पाठवा’ म्हणाले. आमचं युनिट गोंदियाच्या पलीकडे, हंगाम दीड महिन्यात संपणार, पाठवू कधी आणि येणार कधी? शेवटी नागपूरला सीताबर्डीवर खेळण्यांच्या मोटरी विकणाऱ्याकडे सहा व्होल्टची त्याच मापाची मोटर मिळाली. पाती घट्ट बसवून आणि फिरण्याची दिशा तपासून घ्या, वायरी उलट जोडल्या तर पंखा हवा वर फेकतो. आणि एकाच ट्रॅपची मोटर बदलू नका. बदलायच्या तर सगळ्यांच्या बदला, नाहीतर ओढ कमी-जास्त होऊन आकड्यांचा मेळ बसत नाही.

खरेदीबद्दल एक बोलते. ट्रॅपची मागणी आम्ही लिहितो, निविदा कमीत कमी दराची उघडते आणि ती उघडणाऱ्याने वाळूमाशी पाहिलेली नसते. म्हणून मागणीपत्रातच सगळं लिहून टाका. ‘लाइट ट्रॅप, नग दहा’ एवढं लिहिलंत तर मच्छरदाणीच्या पिशवीवाला येणार. असं लिहा: पिशवी ऑर्गंडी किंवा तितक्याच बारीक विणीची, दर ट्रॅपला दोन, बॅटरी सहा व्होल्ट, किमान दहा अँपियर-अवर, तोंडाला तारेची जाळी, पंखा थांबल्यावर मिटणारी झडप, जादा मोटरी दर पाच ट्रॅपला दोन, जादा बल्ब डझनभर. झडपेवर घासाघीस होईल, आमच्याकडे झालीच. ती सोडावी लागली तरी चालेल, बॅटरी सोडू नका. आणि मागणी जानेवारीतच टाका, म्हणजे जूनच्या आधी माल हातात पडून शिंप्याकडे जायला वेळ राहतो.